वाचकांचे प्रश्न : लेबल कागदावरून सुटतं, बाटलीवर का नाही?

प्रश्न : स्टिकर मागच्या गुळगुळीत कागदावरून अलगद निघतो, पण तोच काचेवर लावला की निघता निघत नाही, असं का?

उत्तर : सगळी करामत त्या मागच्या कागदाची. त्यावर सिलिकॉनचा जेमतेम १ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपास थर असतो, त्याची सरफेस एनर्जी, म्हणजे दुसऱ्या पदार्थाला धरून ठेवण्याची पृष्ठभागाची ओढ, इतकी कमी की गोंदाची पकडच बसत नाही. हा गोंद सुकत नाही बरं का, कायम मऊ राहतो म्हणून तर नुसत्या दाबाने चिकटतो, आणि काचेवर हळूहळू पसरत जातो, त्यामुळे स्टिकर लगेच ओढला तर निघतो पण २४ तासांनी ओढला तर बऱ्याचदा त्याचा कागदच फाटतो. पॉलिथिनच्या डब्यावरून लेबलं सुटतात तेही कमी सरफेस एनर्जीमुळेच, तिथे साध्या अ‍ॅक्रिलिक गोंदापेक्षा रबरवाला गोंद घ्या.