आबा रानात गेलेत

"पोरगं तिकडं लांब. घरातलं वाईट त्याला सांगावं का नको?" साताऱ्यात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे सारखा येतो, आणि त्यामागे या जिल्ह्याचा इतिहास आहे. अपशिंगे गावाच्या नावामागे 'मिलिटरी' उगाच लागत नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, आणि आजही तिथे फौजेशी नातं नसलेलं घर शोधावं लागतं. आजूबाजूच्या गावांतही थोड्याफार फरकाने हेच. सांगलीकडून येणाऱ्या आयांची मुलं बहुधा बोटीवर किंवा जर्मनीत शिकायला गेलेली असतात, पण काळजी तीच.

ही गोष्ट एका फौजी घरातली. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा 'मिशन'वर होता. आपल्याकडे फौजी घरांत मिशन म्हणजे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना. दक्षिण सुदान २०११ च्या जुलैमध्ये स्वतंत्र झाला, तेव्हापासून तिथे हे मिशन आहे आणि त्यात भारतीय बटालियन असतात. साधारण वर्षभराची नेमणूक. पावसाळ्यात रस्त्यांचा चिखल होतो, महिनोन्‌महिने हेलिकॉप्टरवर भिस्त असते. राजस्थानात किंवा जम्मूत असलेला मुलगा रात्रीची गाडी पकडून दोन दिवसांत घरी येऊ शकतो, तसं तिथून जमत नाही. आईला हे पक्कं ठाऊक होतं. तिची सगळी गणितं त्यावरच बसलेली होती: "त्याला यायला येणार न्हाई, मग सांगून त्याचा जीव कशाला टांगायचा?"

झालं होतं असं. मुलगा जाऊन तीन महिने झाले आणि वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, पहाटे छातीत कळ आली. साताऱ्यात आणलं, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, चार दिवसांनी घरी. डॉक्टरांच्या मते प्रकृती चांगली होती. पण मुलाचा फोन आला की उत्तर ठरलेलं, "आबा रानात गेलेत." दुसऱ्या दिवशी सोसायटीत, तिसऱ्या दिवशी दूध घालायला, मग पारायणाला. आबा घरी आल्यावरही समोर येईनात, कारण चेहरा उतरलेला, पोरगं ओळखेल. आईची झोप गेली, बीपी वाढलं, फोन वाजला की ती तो सुनेच्या हातात द्यायला लागली. माझ्याकडे ती स्वतःच्या धडधडीसाठी आली होती, मुलाचा विषय नंतर निघाला.

मी सहज विचारलं, "मग तुम्ही त्याच्याशी बोलता तरी काय?"

"बांधाचं."

धाकट्या दिरानं बांध कोरला होता. नांगरट करताना दर वर्षी वीतभर आत सरकायचं, ही आपल्याकडची जुनी कला. मोजणीचा अर्ज केला होता, तारीख मिळत नव्हती, जाऊबाई विहिरीवर काय बोलल्या, पुतण्या कसा अंगावर धावून आला, हे सगळं मुलाला इत्थंभूत कळत होतं. रोज. तो तिकडे संतापायचा, चुलत्याला फोन लावायचा, मग इकडे आणखी पेटायचं.

आमच्या कामात हे फार दिसतं. जे ऐकून मुलाला काहीच करता येणार नाही, नुसता संताप येईल, ते आपण मन मोकळं करायला त्याच्यावर ओततो. ज्यात त्याचा जन्माचा हक्क आहे, ते त्याच्या भल्यासाठी म्हणून दाबतो. बांधाचं भांडण चार महिने थांबू शकतं. बापाचं आजारपण ही मात्र त्याच्या बापाची गोष्ट आहे. आईला मी हे एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. पुढच्या वेळी सुनेला बरोबर आणा, एवढंच म्हटलं.

सून आली ती आत्यांकडे बघत बघतच बसली. सासूला थोडा वेळ बाहेर बसवल्यावर बोलायला लागली. आत्यांनी तिला लेकराची शपथ घातली होती. नवरा रात्री तिच्याशी बोलायचा आणि ती रोज आबांना नवं काम लावायची. "परवा ते म्हणाले, आबांनी उभ्या जन्मात एवढी कामं केली नाहीत. मी हसले, ते हसले नाहीत. आता विचारतच नाहीत. बरं आहे का म्हणतात, मी बरं आहे म्हणते, ठेवतात."

विचारणं बंद झालं याचा अर्थ काळजी संपली असा घरच्यांनी घेतला होता. मला त्यात धोका दिसत होता. माणूस विचारणं थांबवतो तेव्हा तो स्वतःशी उत्तरं रचत असतो, आणि ती उत्तरं खऱ्यापेक्षा सौम्य क्वचितच असतात. शिवाय मोबाईलच्या दिवसांत गावातल्या बातमीला कुलूप लावता येत नाही. भावकीचा ग्रुप आहे, वर्गमित्र आहेत, आबांना गाडीत घालताना अर्धी आळी उभी होती.

खरा अडसर आबाच निघाले. निवृत्त हवालदार, ताठ बसलेले. "मी फौज बघितलीय मॅडम. घरचं वाईट कळलं की माणूस मोडतो. ड्युटीवरच्या माणसाला सांगू नये."

तुमच्या वेळी घरचं कसं कळायचं, असं विचारल्यावर ते खुलले. ईशान्येला पोस्टिंग, पत्ता ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल, पत्राला पंधरवडा ठरलेला. तार आली तर गावाकडे बायका वाचायच्या आधी रडायला लागायच्या. फौजेत तार यायची, 'मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली', आणि ज्याला आली तो समजून जायचा की आई गेली. ही तारेची सेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद पडली, पण गेलेल्या माणसाला 'सीरियस' म्हणायची पद्धत गावात अजून आहे.

"तुम्हाला अशी तार आली होती?"

"नाही. मला कळवलंच नाही. थोरल्या भावानं ठरवलं, रजा मिळणार नाही, कशाला कळवा. महिन्याभरानं पत्र आलं." थोडं थांबून म्हणाले, "त्याच्या आत मी आईला एक पत्र टाकलेलं. ते तिच्या दहाव्याच्या सुमारास घरी पोचलं. खोकला कमी झाला का, विचारलं होतं तिला."

"भावाला काही बोललात?"

"त्याच्याशी मी बरीच वर्षं धड बोललो नाही."

मी काही जोडलं नाही. बाहेर पडताना तेच बायकोला म्हणाले, "रविवारी लाव फोन."

फोन कसा करायचा यावर मात्र आम्ही नीट बसलो. वाईट बातमी कशी सांगावी यासाठी कर्करोगाच्या डॉक्टरांनी २००० साली 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. तिच्यात निवांत जागा बघितल्यावर पुढची पायरी असते ती समोरच्याला काय माहीत आहे ते विचारण्याची. दवाखान्यात समोरासमोर बसून ते उत्तम चालतं. पण आई दक्षिण सुदानला विचारणार, "तुला काय कळलंय?", आणि तेवढ्यात नेट जाणार. मुलगा रात्रभर त्या अर्ध्या वाक्यावर काढणार. म्हणून परदेशातल्या मुलाला सांगताना पहिलं वाक्य पूर्ण असावं, काय झालं आणि आता काय आहे हे दोन्ही त्यात यावं. त्यानंतर फोन तुटला तरी चालतो.

आईने वाक्य स्वतः तयार केलं: "आबांच्या छातीत दुखलेलं, ऑपरेशन झालं, आता घरी हायत, हे बघ माझ्या शेजारी बसल्यात." वैद्यकीय भाषेत ते ऑपरेशन नव्हे, पण मी दुरुस्त केलं नाही. वेळ ठरवताना सुनेने आठवण केली की तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे, आणि ड्युटी कधी सुटते ते तिलाच माहीत होतं. ड्युटीवर निघालेल्या माणसाला सांगायचं नाही, सुटलेल्याला सांगायचं. डिस्चार्जचा कागद आणि औषधांची चिठ्ठी फोटो काढून तयार ठेवली. फौजी माणसाला कागद दिसला की धीर येतो, हा माझा अनुभव.

फोन झाल्यावर सुनेने मला सांगितलं ते असं. वाक्य ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही, नुसता आबांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, आबा गेले. आणि तुम्ही मी येईपर्यंत दाबून ठेवलंय." एका मित्राकडून त्याला 'अटॅक आला' एवढंच कळलं होतं. पुढचं विचारायची हिंमत झाली नव्हती. तीन आठवडे तो मनातल्या मनात बापाचं सुतक पाळत होता, म्हटलं तरी चालेल. मग चिडला, आईवर भरपूर चिडला. ते होणार हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आईने तोंड उघडलं नाही, ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी त्याने आबांना गोळ्या वेळेवर घेता का म्हणून झापलं, तेव्हा घर पूर्वपदावर आलं.

सगळंच सांगत बसा, असं मी कुणाला म्हणत नाही. सुनेचं आणि सासूचं कुरबुरणं, उसाचं थकलेलं बिल, कुणाचं लग्न मोडायच्या बेतात आहे, हे थांबू शकतं. आणि नुसत्या वाईटाचाच हिशेब ठेवू नये. म्हैस व्याली, यात्रेत छबिना किती वाजता निघाला, पोरगं 'बाबा' ऐवजी 'बाब्बा' म्हणतं, या बातम्या आया विसरतात, आणि तिकडे कॅम्पात मुलं त्यावरच दिवस काढतात. बांधाबद्दल घरात ठरलं की मोजणी झाली की एकदाच कळवायचं. आईने ते साधारण पाळलं.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं, "आणि उद्या खरंच वाईट झालं तर?"

मृत्यूची बातमी घरच्यांनी थेट मुलाच्या कानावर घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हातात शस्त्र घेऊन उभ्या माणसाच्या बाबतीत तर नाहीच. आधी युनिटला कळवा. बटालियनचा मागे राहिलेला भाग, ज्याला फौजी 'रिअर' म्हणतात, त्याचा नंबर सुनेच्या मोबाईलमध्ये असलाच पाहिजे, आणि अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. कुणी वरिष्ठ त्याच्याजवळ बसेल, मग घरच्यांनी बोलावं, आणि 'सीरियस' म्हणू नये. तो पोचू शकला नाही तर अग्नी कुणी द्यायचा, हेही माणसं धड असताना बोलून ठेवलेलं बरं.

आबा शेजारीच बसले होते. म्हणाले, "त्यात बोलायचं काय. धाकट्याचा पोरगा देईल."

बांधावर अंगावर धावून आलेला तोच पुतण्या.

आई म्हणाली, "आधी मोजणी होऊ द्या."