ऑटिस्टिक मुलाची चिंता थेरपीने कमी होतेय की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांच्या मुलीची सहा महिने थेरपी झाली, चिंता मोजणाऱ्या ‘स्केअर्ड’ फॉर्मवरचे गुण ३४ वरून २२ वर आले, पण घरात फरक जाणवत नाही. आयएसएए या ऑटिझमच्या चाचणीचा स्कोअरही जिथल्या तिथे आहे.

आयएसएए आधी बाजूला ठेवा. ४० प्रश्नांची ती चाचणी ऑटिझम किती आहे हे सांगते, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी लागते. चिंता ओसरली म्हणून तो आकडा हलेलच असं नाही, आणि नाही हलला म्हणून थेरपी वाया गेली असंही नाही.

आता ‘स्केअर्ड’. ४१ प्रश्न, २५ किंवा त्याहून जास्त गुण आले तर चिंतेचा विकार असू शकतो असं धरतात. म्हणजे कागदावर तुमची मुलगी रेषेच्या आत आली. माझ्या मुलाचंही असंच झालं होतं. गुण उतरले, आम्ही पेढे आणले. पुढच्याच महिन्यात एका मुंजीला गेलो तर हॉलच्या दारातच त्याने स्वतःला चावायला सुरुवात केली. घरी येऊन मी शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्या सहा महिन्यांत आम्ही एकाही कार्याला त्याला नेलं नव्हतं. लिफ्टची भीती, म्हणून पाच मजले जिन्याने चढत होतो. मिक्सर तो शाळेत गेल्यावरच लावत होते. भीती वाटायला आम्ही जागाच ठेवली नव्हती, मग फॉर्ममध्ये ती दिसणार कुठून? हे सगळं आम्ही मायेपोटी केलं होतं, आणि थेरपिस्टना सांगायचं सुचलंच नाही.

म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न हाच: या सहा महिन्यांत घराने काय काय टाळलं?

‘पार्स’ नावाची मोजपट्टी आहे. ती पालक नाही, तज्ज्ञ भरतात, तुमच्याशी आणि मुलीशी बोलून. गेल्या आठवड्याबद्दलचे सात मुद्दे, प्रत्येकाला ० ते ५ गुण. त्यात मूल किती टाळतं, घरात आणि घराबाहेर किती अडतं, हे वेगळं विचारतात. अमेरिकेत ७ ते १३ वयाच्या १६७ ऑटिस्टिक मुलांवर थेरपीचा मोठा अभ्यास झाला (२०२० मध्ये प्रसिद्ध), त्यात हीच मुख्य मोजपट्टी होती. तुमच्या थेरपिस्टना तिच्याबद्दल जरूर विचारा.

फॉर्म भरताना आणखी एक गोंधळ होतो. मिक्सर लागला की कान झाकणं म्हणजे आवाज सहन न होणं. पण सकाळपासून दर दहा मिनिटांनी ‘आई, मिक्सर लावणार का?’ विचारणं, ही चिंता. अनोळखी माणसांशी बोलणं जड जातं का, असा प्रश्न ‘स्केअर्ड’मध्ये आहे. ऑटिझममुळेच बोलणं जड जात असेल तर तिथले गुण थेरपीने फारसे उतरणार नाहीत. आणि मुलीला नुसतं ‘भीती वाटते का?’ विचारू नका. माझा मुलगा ‘नाही’ म्हणायचा, कारण त्या क्षणी त्याला वाटत नसायची. ‘लिफ्टचं दार बंद झालं की पोटात काय होतं?’ असं विचारल्यावर तो बोलला.

आपल्या आशेचाही भरवसा धरू नका. २००९ साली सिटालोप्रॅम औषधाचा १४९ ऑटिस्टिक मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोजत होते ते तीच ती कृती पुन्हा पुन्हा करणं, चिंता नव्हे, पण धडा आपल्यालाही लागू आहे: खरं औषध घेणाऱ्यांत आणि नुसतं दिखाऊ औषध घेणाऱ्यांतही साधारण एक तृतीयांश मुलं सुधारल्याची नोंद झाली.

मी आता एक वही ठेवते. तीनच प्रसंग: लिफ्ट, मिक्सर, पाहुणे. दर रविवारी लिहिते की प्रसंग आला का, सावरायला किती मिनिटं लागली, आणि त्याच्यासाठी आम्ही काय बदललं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शाळेतल्या बाईही त्यांच्या दोन ओळी देतात. परवाच्या फॉर्मवर त्याला २९ गुण मिळाले, पेढ्यांच्या वेळेपेक्षा आठ जास्त. पण वहीत लिफ्टसमोरचा शेवटचा रकाना पाच आठवडे रिकामा आहे.