दुरुस्तीपत्र झालं तरी बँकेचा कागद चुकीचाच राहतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही राहता सी विंगमध्ये, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट सी विंगचं, पण नोंदणी झालेल्या करारनाम्यात आणि इंडेक्स टूवर (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) बी विंग पडलंय. फ्लॅटवर कर्ज आहे, बिल्डर दुरुस्तीवर सही करायला तयार आहे. बँक म्हणते आधी दस्त नीट करून आणा, नोंदणी कार्यालय म्हणतं आधी बँकेचं ना हरकत पत्र आणा. आमच्याकडे विंगऐवजी फ्लॅटचे आकडे उलटे पडले होते, 405 चा 504. बाकी गोष्ट हीच.

मी वकील नाही. पुण्यात आमच्या बाबतीत जे झालं त्यावरून लिहितोय, तुमच्या कार्यालयात थोडं वेगळं असू शकतं.

चूक दुरुस्ती पत्राची, म्हणजे आधीच्या दस्तातली चूक सुधारणाऱ्या नोंदणीकृत दस्ताची, प्रक्रिया सांगत बसत नाही, ती कोणताही दस्तलेखक सांगेल. फक्त बिल्डर सही करायला तयार आहे म्हणताय तर ते आधी उरका. मूळ दस्तावर ज्यांच्या सह्या, त्या सगळ्यांच्या दुरुस्तीपत्रावर लागतात. उद्या भागीदारी मोडली किंवा बिल्डर फिरकेनासा झाला, तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 26 खाली दिवाणी कोर्टात दावा लावायची वेळ येते. मूळ करारनामा बँकेच्या तिजोरीत आहे म्हणून अडून बसू नका. जिथे नोंदणी झाली तिथून प्रमाणित प्रत मिळते, आमचं काम तिच्यावरच झालं.

त्याआधी एक तपासा. बी विंगमध्ये तुमच्याच क्रमांकाचा फ्लॅट असणार आणि त्याचा मालक कोणीतरी वेगळा असणार. त्याच्याही करारनाम्यात बी विंगच असेल, तर शोध अहवालात (वकील जुन्या नोंदी तपासून देतो तो) एकाच फ्लॅटचे दोन खरेदीदार दिसतील, आणि त्याने कर्ज काढलं असेल तर दोन बँकांचे बोजेसुद्धा, म्हणजे गहाणाच्या नोंदी. त्याच्याकडे उलट सी पडलं असेल, तर दोघांची दुरुस्तीपत्रं एकाच दिवशी करा. सोसायटीकडून कोण कुठे राहतं याचं पत्रही घेऊन ठेवा.

आता खरा मुद्दा. दुरुस्तीपत्राने तुमचा करारनामा दुरुस्त होतो, बँकेचं गहाण नाही. कर्ज घेताना मूळ कागद बँकेत ठेवल्याचं जे मेमोरँडम झालं, त्याची जी नोटीस नोंदणी कार्यालयात दाखल झाली (महाराष्ट्रात ती तीस दिवसांत करावी लागते) आणि सरसाईच्या (तारणांची देशभरातली नोंदवही) पोर्टलवर बँकेने जी नोंद केली, त्या तिन्हींत जुनंच वर्णन राहतं. आमच्या शाखेत हे सांगितलं तर उत्तर आलं, ‘आमच्या सिस्टिममध्ये बरोबर दिसतंय.’ सिस्टिममध्ये टपालाचा पत्ता होता हो, तारणाचं वर्णन नव्हतं! पुढे कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या वकिलाने पहिल्याच वाचनात ते पकडलं. तोवर व्याजदरातला फरक आम्ही भरतच होतो.

मग जुन्या शाखेने जे केलं त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणे, नवीन मेमोरँडम करा, पूर्ण कर्जाच्या रकमेचं. म्हणजे कर्जाच्या रकमेवर टक्केवारीने लागणारं मुद्रांक शुल्क पुन्हा भरा. नवीन कर्ज नाही, रक्कम वाढलेली नाही, फक्त फ्लॅटचा क्रमांक बदलतोय. तरी ‘पॉलिसी आहे’. पॉलिसी दाखवा म्हटलं की साहेब रजेवर. शेवटी भरले, कारण दुसऱ्या बँकेच्या मंजुरीची मुदत संपत आली होती. तुम्ही भरू नका. पूरक मेमोरँडम मागा. मूळ मेमोरँडमची तारीख, ‘कर्जाच्या रकमेत व अटींत बदल नाही’ हे वाक्य, जुनं वर्णन आणि नवं वर्णन, एवढंच त्यात हवं. त्यावर शुल्क किती, याबद्दल बँकेचं तोंडी मत धरू नका. मोठी रक्कम सांगितली तर मुद्रांक कार्यालयाकडून अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती याचा अधिकृत निर्णय, करून घ्या. मागणी लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. लोकपालाचं नाव काढलं की शाखेतले साहेब रजेवरून परत येतात, असा अनुभव.

कर्ज संपायला थोडेच हप्ते उरले असतील तर माझं मत वेगळं आहे, आणि ते सगळ्यांना पटत नाही. मग गहाणाच्या कागदांमागे लागू नका. दुरुस्तीपत्र तेवढं करून ठेवा, आणि बोजा उतरवताना बँकेच्या पत्रात दोन्ही वर्णनं घालून घ्या.

एजंट लोक दुरुस्तीपत्राला वाट्टेल ते आकडे सांगतात. दुरुस्ती निव्वळ लिखाणातली असेल, क्षेत्रफळ किंवा किंमत बदलत नसेल, तर शुल्क नाममात्र असतं. 2024 च्या ऑक्टोबरात शंभराच्या स्टॅम्पचा पाचशेचा झाला, तेवढं धरून चाला. चलन ग्रासच्या (सरकारी पैसे ऑनलाइन भरायची राज्याची सोय) संकेतस्थळावर स्वतः काढता येतं.

दुरुस्तीपत्राची मूळ प्रतही बँक ठेवून घेईल. देताना कागदांच्या यादीत ती चढवून शिक्क्याची पोच घ्या. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत सगळे मूळ कागद परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. पण जो कागद यादीतच नाही, तो दिला होता हे तुम्ही कशावरून दाखवणार?