पडद्यावर मांडलेला पसारा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की अर्धवट विचारांची टिपणं फोल्डरमध्ये कोंडण्याऐवजी संगणकाच्या पडद्यावरच्या एखाद्या मोकळ्या बोर्डवर, टेबलावर कागद मांडावेत तशी मांडून बघा. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. आधी वाचकाचं पत्र, मग माझं उत्तर, असा क्रम आहे.

पीएच.डी.साठी जुन्या नियतकालिकांतल्या जाहिरातींवर काम करते आहे. फोनमध्ये फोटो, लॅपटॉपवर टिपणं, सगळं फोल्डरमध्ये नीट लावलेलं आहे, टॅगही आहेत. तरी लिहायला बसलं की आपल्याकडे काय काय आहे हेच आठवत नाही. मैत्रीण म्हणते, बोर्डवर पसर. फोल्डर असताना हा दुसरा उद्योग कशाला?

फोल्डर मोडू नका, ते राहू द्या. पण तुमच्या पत्रातलं ‘आठवत नाही’ हेच खरं दुखणं आहे, आणि त्यावर फोल्डरकडे इलाज नाही. फोल्डर आणि सर्च हे विचारलेल्याचं उत्तर देतात. जे आपल्याकडे आहे हेच विसरलो, ते विचारणार कसं?

1983 मध्ये थॉमस मॅलोन या संशोधकाने ऑफिसात काम करणारी माणसं आपलं टेबल कसं लावतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नावं घालून लावलेल्या फायली आणि नाव नसलेले ढीग असे दोन प्रकार त्याने वेगळे काढले. ढीग लावणारी माणसं आळशी नसतात, हे त्यातून स्पष्ट झालं. कागद समोर ठेवण्यामागे तो सापडावा हा हेतू असतोच, शिवाय त्याने आपल्याला आठवण करून द्यावी हाही असतो. आणि ढिगात ठेवताना त्याला लगेच नाव द्यावं लागत नाही. नाव ठरवणं हे डोक्याला शिणवणारं काम आहे, ते पुढे ढकलता येतं.

तुमच्याच विषयाचं बघा. साबणाची एक जाहिरात मिळाली. ती ‘साबण’मध्ये टाकायची, ‘स्त्रियांची चित्रं’मध्ये, की ‘छपाईचं तंत्र’मध्ये? फोल्डर हे पहिल्याच मिनिटाला विचारतो, तेव्हा उत्तर तयार नसतं. मग आपण काहीतरी निवडतो आणि ती जाहिरात बाकीच्या दोन प्रश्नांपासून तुटते. टॅग लावले तरी ती तीन याद्यांमध्ये जाते, पण कुणाशेजारी बसलेली दिसत नाही. बोर्डवर तुम्ही ती स्त्रियांच्या चित्रांच्या जवळ ठेवाल, पण थोडी छपाईकडे सरकवून. ते सरकवणं हेसुद्धा एक टिपणच आहे, फक्त शब्दांत न लिहिलेलं. 1994 मध्ये कॅथरीन मार्शल, फ्रँक शिपमन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ‘व्हिकी’ नावाची संगणकप्रणाली मांडली, ती नेमकी यासाठीच होती. दोन गोष्टींमधलं नातं अजून सांगता येत नसताना माणूस त्या जवळ ठेवून, एका ओळीत लावून ते दाखवू शकतो, आणि संगणकाने तेवढ्यावर त्याच्याकडून व्याख्या मागू नये, हा तिचा गाभा.

मी पुस्तकांच्या सूची करते, म्हणजे शेवटच्या पानांवर कोणता विषय कुठे आला ते देणारी यादी. ‘पाणी’, ‘पाणीपुरवठा’, ‘विहिरी’, ‘दुष्काळ’ अशा नोंदी एकत्र करायच्या की वेगळ्या ठेवून ‘पहा’ म्हणून एकमेकींकडे बोट दाखवायचं, हे पुस्तक अर्धं वाचून होईपर्यंत ठरत नाही. तोवर ही कार्डं माझ्या बोर्डवर शेजारी शेजारी असतात. ज्या दोन एकत्र होतील असं वाटतं त्या एकमेकींवर थोड्या चढवून ठेवते. पुढच्या प्रकरणात ‘विहिरी’चा सगळा ओघ जातिभेदाकडे गेला की ते कार्ड उचलून तिकडे नेते. यादीत हा बदल करायला मला मथळे बदलावे लागले असते, म्हणून कदाचित मी तो केलाच नसता.

तेव्हा तुम्हीही करा, पण सगळी टिपणं एकदम ओतू नका. एक प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, ‘जाहिरातीतली बाई वाचकाकडे बघते की वस्तूकडे?’ त्याला लागणारी तीसचाळीस टिपणं आणि फोटोच बोर्डवर आणा. फोटोखाली नियतकालिकाचं नाव, वर्ष आणि पान लगेच लिहा, कारण फोटोतला मजकूर प्रत्येक ॲपच्या सर्चला दिसत नाही.

मी बोर्ड केला, पण आता तो चहूकडे वाढलाय. झूम बाहेर केलं तर वाचता येत नाही, आत गेलं तर आपण कुठे आहोत कळत नाही. ॲपमध्ये सगळं आपोआप रांगेत लावणारं बटण आहे. दाबू का?

नका दाबू, अगदी कळकळीने सांगते. बोर्डवरची जागा लक्षात राहते ती आपण स्वतः तिथे वस्तू ठेवली म्हणून. 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात जॉर्ज रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी ‘डेटा माउंटन’ नावाचा प्रयोग केला. पडद्यावर एक तिरपं मैदान, आणि त्यावर शंभर वेबपानांची छोटी चित्रं प्रत्येकाने आपल्या मनाने मांडायची. मग एकेक पान शोधायला सांगितलं. नेहमीच्या ब्राउझरमधल्या ‘फेव्हरिट्स’च्या यादीपेक्षा लोकांना ती इथे लवकर सापडली. पुढे काही महिन्यांनी त्याच लोकांना परत बोलावलं तेव्हाही त्यांना आपली मांडणी वापरता आली. पानांची चित्रं काढून नुसते कोरे चौकोन ठेवले, तरी थोड्या सरावानंतर ते जागेवरून पान ओळखत होते. आपोआप लावणारं बटण ही सगळी कमाई एका क्षणात पुसतं. (तिरप्या मैदानाच्या मोहात मात्र पडू नका. नंतरच्या अभ्यासांत सपाट मांडणीही कमी पडली नाही.)

तुमच्या अडचणीचं मूळ असं आहे की ॲप ‘अमर्याद’ जागा देतं, आणि अमर्याद जागेला कोपरे नसतात. टेबलाला कडा असते, म्हणून ‘उजवीकडे वर’ याला अर्थ असतो. ती कडा आपण आखायची. एक मोठा चौकोन काढा, पूर्ण झूम बाहेर केल्यावर पडद्यात मावेल एवढा, आणि त्याच्या आतच काम करा. जागा संपली की काहीतरी काढावं लागेल, आणि काय काढायचं हे ठरवताना विषय जास्त कळतो.

मग वाचनाचा प्रश्न. देवनागरी अक्षर लहान झालं की आधी मात्रा आणि अनुस्वार चिकटतात, मग शिरोरेखेची नुसती पट्टी उरते. त्यामुळे रोमन लिपीत जो आकार चालतो तो आपल्याला पुरत नाही. प्रत्येक गटावर एक मोठ्या अक्षरातला मथळा ठेवा, जो सगळ्यात बाहेरच्या झूमलाही वाचता येईल. कार्डावर परिच्छेद चिकटवू नका. एका वाक्यात सांगा, आणि मूळ टिपणाची लिंक द्या.

मथळा मात्र शेवटी. जपानी मानवशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी गावोगावी प्रत्यक्ष जाऊन केलेल्या नोंदी लावण्यासाठी जी चिठ्ठ्यांची पद्धत बसवली, तिच्यात हाच क्रम आहे: आधी सगळ्या चिठ्ठ्या पसरायच्या, ज्या एकमेकींकडे ओढल्या जातात त्यांचे छोटे गट होऊ द्यायचे, आणि गट झाल्यावर त्याला नाव द्यायचं. आधी पाच मथळे लिहून त्यांच्याखाली चिठ्ठ्या वाटल्या तर आपण घरून आणलेलीच पाच उत्तरं परत मिळतात. ज्या चिठ्ठ्या कुठेच जात नाहीत त्या तशाच एकट्या राहू द्यायच्या. माझा अनुभव असा की सूचीतल्या सगळ्यात चांगल्या नोंदी या एकट्या कार्डांतून निघतात, त्यामुळे त्यांना जबरदस्तीने कुठल्या गटात ढकलणाऱ्यांचा मला राग येतो.

रंग किती वापरावेत?

दोन. एक ‘हे मी तपासलंय’ आणि दुसरा ‘हे अजून तपासायचंय’. विषयांना रंग देऊ नका. विषय जागेवरून कळतो.

मला जागा लक्षात राहतच नाही, नावं राहतात. तरी बोर्ड वापरायला हवा का?

अजिबात नाही. नीट नावं दिलेली टिपणं आणि चांगला सर्च हे तुमच्यासाठी बोर्डपेक्षा सरस आहे. एक सांभाळा, एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहू नका. ‘पद्धत’ आणि ‘पध्दत’ हे सर्चच्या लेखी दोन वेगळे शब्द आहेत, आणि अर्धी टिपणं तिथे हरवतात. दृष्टी कमी असलेल्या किंवा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकांनाही मी बोर्ड सुचवणार नाही. जवळ-लांब या गोष्टी वाचून दाखवणं त्या साधनाला जमत नाही. त्यांनी आत-बाहेर सरकवता येणारी उतरंडीची यादी घ्यावी.

कोणतं ॲप घ्यावं?

तुमच्याकडे आधीच जे आहे त्यात सुरुवात करा. वननोट या मायक्रोसॉफ्टच्या टिपणांच्या ॲपमध्ये पानावर कुठेही क्लिक करून लिहिता येतं, हे ते रोज वापरणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. ते वरपासून खाली लिहीत जातात. ॲपलच्या उपकरणांवर 2022 च्या अखेरीपासून फ्रीफॉर्म हे बोर्डचं ॲप आहे. मिरो हे मुख्यतः अनेकांनी मिळून काम करण्यासाठी आहे, एकट्याच्या विचाराला मला ते फार गजबजलेलं वाटतं.

मी स्वतः ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमधला कॅनव्हास, म्हणजे तिथला बोर्ड, वापरते. कारण एकच, बोर्ड आणि टिपण तिथे वेगळे राहतात. टिपण ही आपल्या संगणकावरची साधी मजकुराची फाइल असते, बोर्डवर तिचं फक्त कार्ड दिसतं. तेच टिपण दोन बोर्डांवर ठेवता येतं, आणि बोर्ड पुसला तरी टिपण जागेवर राहतं. बोर्डची मांडणी ज्या स्वरूपात साठवली जाते ते ‘जेसन कॅनव्हास’ या नावाने 2024 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आहे, म्हणजे दुसऱ्या ॲपलाही ते वाचता येऊ शकतं. एक काळजी घ्या: बोर्डवर थेट लिहिलेलं कार्ड हे त्या बोर्डच्या फाइलमध्येच असतं, त्याची वेगळी फाइल होत नाही. महत्त्वाचं असेल तर त्याचं टिपणात रूपांतर करा, ती सोय कार्डावरच आहे.

कुठलंही ॲप घेण्याआधी एक चाचणी करा. दहा कार्डांचा खोटा बोर्ड करा आणि तो ॲपमधून बाहेर काढून (एक्सपोर्ट करून) बघा. नुसतं चित्र किंवा पीडीएफ मिळत असेल तर मजकूर तुमचा राहिला, पण मांडणी त्या ॲपचीच. दोनतीन महिन्यांच्या कामाला हे चालेल, प्रबंधाला नाही. आणि फोनवर बोर्ड मांडायला जाऊ नका. फोनवर टिपा, मोठ्या पडद्यावर मांडा.

बोर्ड सुंदर झालाय, बघत बसावंसं वाटतं. पण लेख एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जातो, आणि बोर्ड चारी दिशांना. लिहायला सुरुवात कुठून करू?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण बोर्डचं कौतुक करणारे नेमके इथे गप्प बसतात. बोर्डवर दोन गटांच्या मध्ये जागा सोडली की नातं दिसतं. लेखात तिथे वाक्य लिहावं लागतं. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘त्याआधी’ यांपैकी कुठला शब्द त्या रिकाम्या जागेत बसतो ते ठरवायचं. तेव्हा बोर्डवरच्या प्रत्येक दोन शेजारी गटांमध्ये एक बाण काढा आणि बाणावर असा एक शब्द लिहा. ज्या बाणावर शब्द सुचत नाही तिथे विचारच झालेला नाही. तिथे लेखन थांबवून परत वाचनाकडे जायला हरकत नाही.

शब्द आले की ज्या गटातून सगळ्यात जास्त बाण बाहेर पडतात तिथून सुरुवात करून बघा. तो बहुतेक वेळा पहिला परिच्छेद नसतो, पण लिहायला सगळ्यात सोपा असतो. त्याच्या कार्डांची वाक्यं वरपासून खाली एका साध्या फाइलमध्ये उतरवा आणि मग बोर्ड बंद करा. उघडा राहिला की हात कार्डं सरकवायला जातो आणि परिच्छेद तिथेच राहतो. दोन पानं झाली की उघडा, जे वापरलं ते कार्ड फिकं करा. प्रकरणाच्या शेवटी जी ठळक कार्डं उरतील त्यांना लेखात कोंबू नका. मार्गदर्शकांना भेटाल तेव्हा त्यांचीच यादी घेऊन जा, कारण पुढच्या प्रकरणाचा विषय त्यांत असण्याची शक्यता मोठी आहे.