पूलच गायब!

प्रश्न : ऐतिहासिक पिक्चरमधल्या चुका दाखवल्या की घरचे म्हणतात, गप बघ ना. मनोरंजनासाठी थोडं इकडेतिकडे चालतं का हो?

उत्तर : चालतं, पण कशात ते बघायचं. बंद दाराआड कोण काय बोललं ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं, त्यामुळे संवाद रचावेच लागतात, त्याला माझी अजिबात हरकत नाही. पण इंग्रजांशी लढलेल्या स्कॉटिश विल्यम वॉलेसवरचा ‘ब्रेव्हहार्ट’ हा पिक्चर घ्या, १२९७ ची स्टर्लिंग ब्रिजची लढाई आणि पडद्यावर ब्रिजच नाही! अहो, तो अरुंद लाकडी पूल हीच तर खरी गंमत होती, इंग्रज फौज थोडी थोडी करून पलीकडे येतेय, स्कॉटिश लोक दम धरून बसलेत आणि अर्धीमुर्धी आली की तुटून पडले, मागच्यांना मदतीला येताच येईना. यापेक्षा थरारक काय लिहिणार सांगा! वर वॉलेसचं इसाबेलाशी, म्हणजे पुढे इंग्लंडची राणी झालेल्या फ्रेंच राजकन्येशी, प्रेमप्रकरण दाखवलंय, १३०५ मध्ये त्याला मारलं तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची, फ्रान्समध्येच होती. हे मात्र मला खरंच खटकतं, कारण बघणाऱ्याच्या डोक्यात तेच पक्कं बसतं. तुम्ही चुका दाखवत राहा, फक्त पिक्चर संपल्यावर.