बॉक्स रचणारा रोबोट आणि पोराची अकरावी

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नेहमीचंच वाटलं, दहावीला 74 टक्के, पोराला पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल नाहीतर मेकॅट्रॉनिक्स (मशीन आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) करायचंय आणि तुमचं म्हणणं अकरावी सायन्स, जेईई, पुढे कॉम्प्युटरच. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका ओळीवर अडकले. कंपनीतल्या रोबोटचा व्हिडिओ काढून आणलात, जेवताना पोराच्या तोंडासमोर धरलात आणि म्हणालात, "बघ, यानं बापाला खाल्लं, आता तुला खाईल." आणि तेव्हापासून बारा दिवस त्याच्याशी धड बोलला नाहीत.

हे काय केलंत हो?

तुमचा राग मला कळतो. वाळूजच्या कारखान्यात 19 वर्षं लाईनच्या शेवटाला उभं राहून बॉक्स पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, रचलेत. तुमच्याच आकड्यांवरून हिशोब केला, 12 किलोचा बॉक्स, मिनिटाला पाच, खरं काम सात तास धरलं तरी 2100 बॉक्स होतात, म्हणजे शिफ्टला 25 टनांच्या वर, दोघांत वाटून घेतलं तरी एका माणसाच्या कंबरेवरून रोज साडेबारा टन. वय 44 आणि पट्टा बांधल्याशिवाय झोप नाही. ते काम गेलं याचं मला वाईट वाटत नाही, स्पष्टच सांगते. वाईट वाटतं ते कसं गेलं याचं, सोमवारी जाऊन बघता तर जाळीचं कुंपण आणि आत पिवळा हात फिरतोय, आधी कुणी बोलावून चार शब्द सांगितले नाहीत, तुम्हाला नि तुमच्या जोडीदाराला परमनंट म्हणून स्टोअरला टाकलं आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या चौघांना गेटवरूनच परत पाठवलं. राग यायलाच पाहिजे. पण तो मॅनेजरवर काढता आला नाही म्हणून घरी येऊन पोरावर काढलात, वड्याचं तेल वांग्यावर. त्याला वाटतंय आपण डिप्लोमा मागितला म्हणजे बापाचा अपमान केला.

आता तुमचा जो मोठा गैरसमज आहे तो, की रोबोट म्हणजे कॉम्प्युटर, म्हणून कॉम्प्युटर शिकला की वाचला. अहो, त्या कुंपणाशी एक तास उभे राहा आणि तो कशाने थांबतो ते मोजा. बॉक्स रचणारे बरेचसे रोबोट चारच अक्षांचे, म्हणजे चारच सांध्यांत हलणारे असतात, कारण बॉक्स तिरका करायचाच नसतो, उचलायचा, फिरवायचा, सपाट ठेवायचा. रचना बसवणंही आता स्क्रीनवर होतं, बॉक्सची लांबी-रुंदी-उंची आणि पॅलेटचं माप टाकलं की पॅटर्न समोर येतो. रोज रोज कोडिंग कुणी करत बसत नाही. थांबतो तो दुसऱ्याच गोष्टींनी. बॉक्स हवेने ओढून धरणारा व्हॅक्यूमचा कप फाटला, हवेचं प्रेशर पडलं, सेन्सरवर धूळ बसली, पावसाळ्यात पुठ्ठा मऊ पडला, बॉक्सचा फ्लॅप नीट चिकटला नाही, लाकडी पॅलेटचा खिळा वर आलाय किंवा फळी तुटलीये. हे सोडवायला एअर लाईन, मोटर, ती चालवणारा ड्राइव्ह, पीएलसी म्हणजे मशीनला हुकूम देणारा कंट्रोलर आणि वायरिंग समजणारा माणूस लागतो, म्हणजे नेमकं तुमचा पोरगा जे मागतोय तेच. तुम्ही त्याला रोबोटपासून वाचवताय म्हणता, आणि रोबोट दुरुस्त करायला शिकायच्या रस्त्यावरूनच मागे ओढताय, काय म्हणायचं याला!

मार्ग तुम्हाला माहीत आहेत, दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा, त्याच्या मार्कांवर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, नाहीतर आयटीआय आणि अप्रेंटिसशिप. फक्त नावात 'रोबोटिक्स' आहे म्हणून कॉलेज निवडू नका, लॅबमध्ये जाऊन बघा, पीएलसीला पोरांचे हात लागतात का नुसतं प्लास्टिक घालून ठेवलंय. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, तुमच्या घरून लांब नाही, पोराला घेऊन एकदा तिथेही चक्कर मारा. आणि पोराला हेही विचारा की रात्री दोनला फोन आला की लाईन बंद आहे, तर उठून जाशील का. मेंटेनन्स म्हणजे ते पण आलंच.

पण खरं सांगू का, मला पोरापेक्षा तुमची काळजी वाटते. पत्रात सहज लिहून गेलात की पहिल्या महिन्यात रोबोटने रचलेले थर ट्रकमध्ये दबले आणि तुम्ही लांबून बघूनच ओळखलं होतं की विटांसारखे आडवे-उभे रचलेत म्हणून खालचे बॉक्स दबणार. बरोबर ओळखलंत. पुठ्ठ्याच्या बॉक्सचा जोर कोपऱ्यात असतो, कोपऱ्यावर कोपरा आला तर वजन पेलतं, आणि आडवं-उभं रचलं तर गठ्ठा एकमेकांना धरून राहतो पण खालचे दबतात. कुठल्या मालाला काय चालेल हे 19 वर्षांत तुमच्या हाताला कळलंय आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, कारण "मला कोण विचारतो." मग तुम्हीच विचारा. प्रॉडक्शन मॅनेजरला लेखी अर्ज द्या की मला त्या रोबोटच्या सेलवर (कुंपणातल्या जागेवर) ऑपरेटर म्हणून ट्रेनिंग द्या, दबलेल्या थरांचं उदाहरण त्यातच लिहा, युनियन असेल तर एक कॉपी त्यांना. पॅलेट भरणं, अलार्म आला की बघणं, गेट उघडून पडलेला बॉक्स काढणं, पुन्हा सुरू करणं, हे तुम्हाला जमेल. मिळेलच असं नाही, तीन शिफ्टला सहा जण लागायचे तिथे आता शिफ्टला एक पुरतो, म्हणजे जागा तीनच, आणि त्या तरण्या पोरांना द्यायचा विचार चालू असणारच. म्हणून उशीर करू नका.

अर्ज पोराकडून लिहून घ्या, त्याचं अक्षर चांगलं आहे असं तुम्हीच लिहिलंय, बोलणंही त्या निमित्ताने सुरू होईल. आणि पीएफमधून काढून जेईईच्या क्लासला जे 40 हजार भरलेत, त्याच्या पुढचा हप्ता आत्ता भरू नका, आधी भरलेले परत मिळतात का ते त्यांना लेखी विचारा.