जमैकाचा रेगे गायक बॉब मार्लीचा शेवटचा अल्बम 'अपरायझिंग' तुम्हाला कसा वाटला? काही जण त्याला सर्वोत्तम म्हणतात, काहींना तो सपक वाटतो. असं का?

मला आवडतो. पण ज्या कारणासाठी बहुतेक लोक त्याचं कौतुक करतात, त्या कारणासाठी नाही.

आधी 'शेवटचा' कोणता ते ठरवू, कारण यावरही लोक भांडतात. मार्ली ११ मे १९८१ रोजी मायामीत गेला, तेव्हा तो जेमतेम ३६ वर्षांचा होता. १९८३ मध्ये 'कन्फ्रंटेशन' आला, पण तो मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतून इतरांनी जुळवलेला. 'बफेलो सोल्जर' त्यातलंच. त्याच्या हयातीत आलेला शेवटचा अल्बम म्हणजे जून १९८० चा 'अपरायझिंग'.

आता मतभेदाचं मूळ. ते शेवटच्या एका गाण्यात आहे. 'रिडेम्प्शन साँग'मध्ये ना ड्रम, ना बास, ना मागे आय-थ्रीज या त्याच्या तीन साथगायिकांचे आवाज. फक्त तो आणि त्याची गिटार. हे गाणं बाजारात आल्यावर वर्षभरात माणूस गेला हे माहीत असलं, की सगळा अल्बमच निरोपाचा वाटायला लागतो. मग 'फॉरेव्हर लव्हिंग जाह' (जाह म्हणजे मार्लीच्या रास्ताफारी पंथाचा देव) ही मरणाआधीची प्रार्थना ठरते आणि 'सायन ट्रेन' (सायन म्हणजे त्यांची पवित्र भूमी) शेवटचा प्रवास. ज्यांना हे भावतं ते अल्बम डोक्यावर घेतात. ज्यांना तेवढा गहिवर बाकीच्या नऊ गाण्यांत सापडत नाही, ते सपक म्हणून मोकळे होतात.

मला ही निरोपाची कथाच पटत नाही. पायाच्या अंगठ्यातला कॅन्सर १९७७ मध्येच कळला होता हे खरं. पण तो शरीरभर पसरल्याचं समजलं ते सप्टेंबर १९८० मध्ये, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पळताना तो कोसळला त्यानंतर. तोवर अल्बम बाजारात येऊन तीन महिने उलटले होते. त्याच उन्हाळ्यात मिलानच्या सान सिरो स्टेडियममध्ये लाखभर लोकांसमोर तो गायला. कोसळण्याच्या आधी दोन रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कॉमोडोर्स या कृष्णवर्णीय अमेरिकन बँडबरोबर कार्यक्रम केले, कारण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय श्रोत्यांपर्यंत आपण पोचलो नाही ही सल त्याला होती. आवराआवर करणाऱ्या माणसाचं वेळापत्रक असं नसतं!

अल्बमही तसाच ऐकू येतो. 'कुड यू बी लव्हड'चा ठेका सरळ डिस्कोकडे झुकतो. कट्टर रेगेवाले यावर नाकं मुरडतात, म्हणे बाजारासाठी केलं. केलं असेल की! पण त्याच गाण्यात मध्येच आय-थ्रीज ज्या ओळी म्हणतात, त्या १९६२ च्या त्याच्या पहिल्या रेकॉर्डमधल्या, 'जज नॉट'मधल्या. नव्या श्रोत्याला नाचवता नाचवता त्याने आपलं पहिलंवहिलं गाणं त्यात पेरून ठेवलंय. हे लक्षात आल्यापासून मला ते अल्बममधलं सगळ्यात चतुर गाणं वाटतं.

'रिडेम्प्शन साँग' बँडसकटही ध्वनिमुद्रित झालं होतं. २००१ च्या आवृत्तीत ते जोडलंय, जरूर ऐका. चांगलं आहे, पण त्यात ते मार्लीचं आणखी एक छान गाणं होऊन जातं. म्हणजे साधेपणा ही एक निवड होती. त्यातली मनाच्या गुलामीबद्दलची ओळ जमैकाचे कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्व्ही यांच्या १९३७ च्या भाषणातून आलेली. गार्व्हीचा विचार असा उघडाच ठेवावा, त्यावर ठेका चढवू नये, हा निर्णय मला मृत्यूच्या चाहुलीपेक्षा जास्त मोठा वाटतो.

कच्चे दुवे आहेतच. 'वी अँड देम' कधी आलं नि गेलं कळत नाही. 'वर्क' आठवड्याचे दिवस मोजत जातं आणि ऐकणाराही मोजायला लागतो. 'पिंपर्स पॅराडाइज'वरून दोन तट आहेत: नशेत आणि झगमगाटात हरवलेल्या बाईकडे तो तुच्छतेने बघतो, असं काहींचं म्हणणं. मला त्यात तुच्छतेपेक्षा हळहळ जास्त ऐकू येते, पण आक्षेप अगदीच चुकीचा म्हणणार नाही.

तुम्ही 'लेजंड' हा संग्रह ऐकून मार्लीकडे आला असाल (आपल्याकडे बरेच जण तसेच येतात, उरलेले गोव्यातल्या टी-शर्टवरून), तर 'अपरायझिंग'मधली 'कुड यू बी लव्हड' आणि 'रिडेम्प्शन साँग' ही दोन प्रसिद्ध गाणी आधीच पाठ असतील. ती सोडून 'रिअल सिच्युएशन'पासून सुरुवात करा. 'वर्क' गाळलंत तरी चालेल, मीही गाळतो.